लेकराला घेऊन परदेशी शिकायला जाताना: सोलापूर ते इंग्लंड, तीन वर्षांचा संसार

मी सोलापुरातल्या एका महाविद्यालयात शिकवते. २०२२च्या सप्टेंबरात पीएचडीसाठी नवरा आणि साडेपाच वर्षांची लेक यांना घेऊन उत्तर इंग्लंडमधल्या एका शहरात गेले, आणि तीन वर्षांनी परत आले. तेव्हापासून ओळखीतल्या, ओळखीच्यांच्या ओळखीतल्या बायका फोन करतात आणि एकच विचारतात, "मॅडम, लेकराला घेऊन जमतं का हो?"

जमतं. मात्र कामांचा क्रम चुकला की हाल होतात, आणि आधी हाल होतात ते लेकराचे. आपण म्हणतो, तीनच तर वर्षं, काढू कशीतरी. पाच वर्षांच्या पोरीच्या हिशेबात तीन वर्षं म्हणजे अर्ध्याहून जास्त आयुष्य. तिच्यासाठी ते "तात्पुरतं" नसतं. म्हणून मी सगळ्यांना सांगते: तिथे पोचल्यावर आधी लेकराची शाळा, डॉक्टर आणि झोपायची जागा लावा, मग प्रयोगशाळेतलं टेबल. खाली लिहिलंय ते इंग्लंडपुरतं आहे. आम्ही गेलो तेव्हाचे काही आकडे वेगळे होते, इथे नंतरचे दिलेत. तरी अर्ज भरायच्या दिवशी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर प्रत्येक आकडा पुन्हा बघा.

प्रवेश घेण्याआधी: लेकरू येऊ शकतं का?

हा प्रश्न पहिला, विद्यापीठ निवडण्याच्याही आधीचा. १ जानेवारी २०२४ नंतर सुरू होणाऱ्या नेहमीच्या मास्टर्स अभ्यासक्रमांना इंग्लंडमध्ये कुटुंब नेता येत नाही. पीएचडी किंवा संशोधनावर आधारित उच्च पदवी असेल, किंवा सहा महिन्यांपेक्षा मोठ्या अभ्यासक्रमाला सरकारी शिष्यवृत्ती असेल, तरच नवरा-बायको आणि मुलांना अवलंबित म्हणून व्हिसा मिळतो. एक वर्षाच्या मास्टर्सची फी भरून बसलेल्या आणि मग हे कळलेल्या एका मुलीचा रडवेला फोन मला आलेला आहे. एजंट हे स्वतःहून सांगेलच असं नाही.

दुसरा नियम त्याहून कमी लोकांना ठाऊक असतो. "नवरा सोलापुरात राहील, मी आणि लेक जाऊ" असं ठरवलंत, तर लेकराचा व्हिसा अडकू शकतो. आई-वडील दोघंही तिथे असावेत किंवा बरोबर जात असावेत, ही अट आहे. मुलाची संपूर्ण जबाबदारी एकाच पालकावर असेल, दुसरा पालक हयात नसेल किंवा तसंच गंभीर कारण असेल, तर सूट मिळते. पण ते कागदावर सिद्ध करावं लागतं. नवऱ्याच्या संमतीपत्रावर भागेल असं धरून चालू नका. आम्ही तिघं गेलो त्याचं हेही एक कारण. नवऱ्याने टॉवेल कारखान्यातली हिशेबाची नोकरी सोडली. घरात त्यावरून महिनाभर बोलणी चालली, आणि ती व्हायलाच हवी होती.

विज्ञान आणि अभियांत्रिकीतल्या बऱ्याच संशोधन विषयांना व्हिसाआधी एटास नावाची वेगळी मंजुरी लागते. प्रवेशपत्र हातात पडल्या दिवशी विद्यापीठाला विचारा, कारण तिला आठवडेच्या आठवडे जातात.

पैसा किती दाखवायचा, किती भरायचा

आरोग्य अधिभार, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा वापरण्याचे पैसे, विद्यार्थी आणि त्याच्या कुटुंबातल्या प्रत्येकासाठी वर्षाला ७७६ पौंड आहे, आणि तो सगळ्या वर्षांचा एकदम, व्हिसाच्या अर्जाबरोबरच भरायचा. तीन वर्षांच्या पीएचडीला व्हिसा थोडा जास्त मिळतो, म्हणून साडेतीन वर्षांचा धरा: माणशी २,७१६ पौंड, तिघांचे ८,१४८. रुपयांत ही रक्कम नऊ लाखांच्या पुढे जाते. शिष्यवृत्तीत हा खर्च बसतो का, आणि बसत असेल तर फक्त तुमचा की कुटुंबाचाही, हे लेखी विचारून घ्या. आमच्यात फक्त माझा बसत होता.

याशिवाय खात्यात शिल्लक दाखवावी लागते. प्रत्येक अवलंबितामागे लंडनबाहेर महिन्याला ६८० पौंड, लंडनमध्ये ८४५, असे जास्तीत जास्त नऊ महिन्यांचे. तुमची स्वतःची रक्कम वेगळी. हे पैसे सलग २८ दिवस खात्यात हवेत. एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. पैसे तुमच्या, जोडीदाराच्या किंवा तुमच्या आई-वडिलांच्या नावावर चालतात. आई-वडिलांचे असतील तर नातं दाखवणारा दाखला आणि त्यांचं संमतीपत्र जोडायचं. सासू-सासरे, मामा, काका यांच्या खात्यातले चालत नाहीत. आपल्याकडे मदतीला पहिले हेच धावून येतात, तेव्हा त्यांनी पैसे द्यायचे असतील तर ते वेळेत तुमच्या खात्यात यायला हवेत. शेत, प्लॉट, सोनं यांची कागदं इथे कामाची नाहीत.

कागदं

लेकराचा जन्मदाखला आजच काढा आणि एकेक अक्षर वाचा. आमच्या लेकीच्या दाखल्यावर माझं नाव माहेरच्या आडनावाने होतं आणि पासपोर्टवर सासरच्या. पाच वर्षं तो दाखला कपाटात होता, आमच्यापैकी कुणीही तो नीट वाचला नव्हता. दुरुस्ती, विवाह नोंदणीचा दाखला, प्रतिज्ञापत्र यांत दीड महिना गेला. दाखला फक्त मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागतं.

मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो. मधेच संपणार असेल तर जाण्याआधी नवा काढलेला बरा. तिकडून काढणं म्हणजे कामाचे दिवस मोडणं आणि शाळा बुडवणं.

सहा महिन्यांपेक्षा जास्त राहणाऱ्यांना क्षयरोगाची तपासणी लागते, आणि ती त्यांनी मान्यता दिलेल्या दवाखान्यातच करावी लागते. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांचा एक्स-रे चालत नाही. अकरा वर्षांखालच्या मुलांचा एक्स-रे सहसा काढत नाहीत, तरी लेकराला घेऊन जावंच लागतं. प्रमाणपत्र सहा महिने चालतं.

लसीकरणाचं कार्ड, तेच आपलं दवाखान्यातलं चुरगळलेलं पिवळं-गुलाबी कार्ड, जपून न्या. बालरोगतज्ज्ञांकडून त्यातल्या लसी आणि तारखा इंग्रजीत टाइप करून सही-शिक्का घ्या. तिथे नर्स पहिली हीच गोष्ट मागते.

बॅगेत काय

तूप, पेढे, खवा, चीज, कुठलाही दुधाचा किंवा मांसाचा पदार्थ भारतातून तिकडे नेता येत नाही. सासूबाईंनी कढवलेलं तूप मी घरीच ठेवलं, त्यांना वाईट वाटलं. पण विमानतळावर ते कचऱ्यात टाकलेलं बघणं याहून वाईट. कडक भाकरी न्या, भरपूर न्या. पहिल्या आठवड्यात चूल लागेपर्यंत आम्ही त्यावरच जगलो. ज्वारीचं पीठ तिथल्या भारतीय दुकानांत मिळतं.

कुकर न्यायचा असेल तर तो इंडक्शनवर चालणारा घ्या, साधा ॲल्युमिनियमचा तिथल्या बऱ्याच शेगड्यांवर चालत नाही. विजेचा दाब आपल्यासारखाच असल्याने मिक्सर चालतो, फक्त पिन वेगळी. फोडणी घालताना खिडकी उघडी आणि पंखा चालू ठेवा. धुराचा अलार्म वाजला की लेकरं घाबरतात.

आणि एक सोलापुरी चादर. वजनाला जड आहे, तिथे घरं गरम असतात, गरज नाही असं सगळे म्हणाले. पहिल्या पंधरा रात्री लेक त्या चादरीशिवाय झोपली नाही. तिच्या अंगावरची, धुऊन मऊ झालेली न्या, नवी नको.

पहिले चार आठवडे

मुलं असलेल्यांना विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या वसतिगृहांत सहसा जागा नसते. काही विद्यापीठांकडे कुटुंबासाठी घरं असतात, पण यादी लांब. प्रवेशाचा होकार आला त्याच दिवशी त्या यादीत नाव घाला. नाहीतर दोन-तीन आठवड्यांची तात्पुरती जागा घेऊन जा आणि घर डोळ्यांनी बघूनच ठरवा. न बघितलेल्या घराला सोलापुरातून पैसे पाठवू नका. भिंतीच्या कोपऱ्यात, खिडकीखाली बुरशीचे काळे डाग आहेत का ते बघा. लहान मुलांच्या छातीला ते वाईट. अनामत पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही, आणि घरमालकाने ती ३० दिवसांत सरकारमान्य योजनेत ठेवून तुम्हाला तसं कळवावं लागतं. हे कळवणं आलं नाही तर विचारा.

आता इथे आमची जी चूक झाली ती नीट सांगते. आम्ही घर घेतलं ते माझ्या विभागापासून चालत दहा मिनिटांवर. करारावर सही केली, मग शाळेचा अर्ज केला. जवळच्या शाळा भरलेल्या. तिथे सहा-सात वर्षांपर्यंतच्या वर्गांत एका शिक्षकामागे तीसपेक्षा जास्त मुलं घेता येत नाहीत, कायदाच आहे, त्यामुळे "एक खुर्ची वाढवा की" असं म्हणून चालत नाही. लेकीला शाळा मिळाली ती दोन बस बदलून, पाऊण तासावर. संपूर्ण पहिली थंडी आम्ही अंधारात बसस्टॉपवर उभं राहून काढली. जवळच्या शाळेच्या प्रतीक्षायादीत नाव ठेवलं होतं, मार्चमध्ये जागा निघाली.

तेव्हा घर ठरवण्याआधी स्थानिक काउन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, शालेय प्रवेश विभागाला ईमेल करा: या जन्मतारखेच्या मुलीसाठी कोणत्या शाळांत आत्ता जागा आहे? मग त्या शाळेच्या आसपास घर बघा. विभागापासून घर लांब पडलं तर तुम्ही बसने जा. तुम्ही मोठ्या आहात.

सरकारी शाळेत फी नाही. वर्ग वयावर ठरतो, १ सप्टेंबर ही तारीख धरून. आमची लेक सोलापुरात मोठ्या गटात होती, तिथे थेट पहिलीच्या वर्गात बसली. तीन-चार वर्षांचं लेकरू असेल तर आठवड्याला १५ तासांची मोफत पूर्वप्राथमिक सोय असते, तुमच्या व्हिसालाही ती लागू आहे. बालभत्ता मात्र घ्यायचा नाही. तिथले हितचिंतक "अर्ज करून तर बघ" म्हणतील; विद्यार्थ्याच्या व्हिसावर सार्वजनिक निधीतून मदत घ्यायची मुभा नाही, आणि घेतली तर व्हिसावरच गदा येते.

घर मिळाल्याच्या आठवड्यातच जवळच्या जीपीकडे, म्हणजे कुटुंबाच्या डॉक्टरकडे, तिघांची नावं नोंदवा. त्याला पैसे लागत नाहीत. पत्त्याचा पुरावा नसला तरी नोंदणी नाकारता येत नाही. स्वागतकक्षातल्या बाईंनी मागितला तर हे शांतपणे सांगा. ताप, उलटी, रात्री काय करावं कळत नाही, तेव्हा १११ ला फोन. जिवावरचं असेल तर ९९९. हे दोन आकडे फ्रिजवर चिकटवा. सोळाच्या आतल्या मुलांना औषधं मोफत असतात. साध्या तापाला अँटिबायोटिक देत नाहीत, आपल्याला ते सुरुवातीला दुर्लक्ष वाटतं. पाणी पाजा, वाट बघा, असं सांगतात.

घरपट्टीसारखा काउन्सिल टॅक्स असतो. पूर्णवेळ विद्यार्थ्याला माफी असते. विद्यापीठाचं पत्र काउन्सिलला पाठवा आणि परदेशी जोडीदाराच्या माफीबद्दल त्याच पत्रात विचारा.

शाळा, आणि शेंगाचटणीचा डबा

पहिल्या तीन इयत्तांना, म्हणजे रिसेप्शन (पहिलीच्या आधीचा वर्ग) ते दुसरी, इंग्लंडच्या सरकारी शाळांत जेवण मोफत आहे. शाकाहारी असाल तर लेखी कळवा, आणि अंडं चालतं की नाही हेही स्पष्ट लिहा. वाढदिवसाला वाटलेल्या मऊ गोळ्यांत बरेचदा जिलेटिन असतं, ते प्राण्यांपासून करतात. चालत नसेल तर लेकराला आधीच सांगून ठेवा.

डब्याची गोष्ट मात्र मला जन्मभर लक्षात राहील. तिसऱ्या आठवड्यात सहल होती, डबा घरून न्यायचा होता. मी पोळीला शेंगाचटणी आणि तेल लावून सुरळी करून दिली. सोलापूरच्या आईने लेकराला दुसरं काय द्यायचं! अकरा वाजता शाळेचा फोन. डबा पिशवीत बंद करून बाजूला ठेवला होता, लेकीला शाळेने दुसरं जेवण दिलं होतं, तिचे हात दोनदा साबणाने धुतले होते. तिच्या वर्गातल्या एका मुलाला शेंगदाण्याची इतकी तीव्र ॲलर्जी होती की इंजेक्शनचं पेन कायम वर्गात ठेवलेलं असे. शाळेत शेंगदाणे आणायचे नाहीत, हे प्रवेशाच्या पत्रात लिहिलं होतं. मी ते वाचलं नव्हतं. बाई रागावल्या नाहीत, पण त्या दुपारी त्या मुलाची आई फाटकापाशी उभी होती आणि तिचे डोळे मी अजून विसरले नाही.

आपल्या स्वयंपाकात शेंगदाणा किती ठिकाणी असतो याचा आपल्याला पत्ताच नसतो. वांग्याच्या भाजीत कूट, कोशिंबिरीत कूट, साबुदाण्याच्या खिचडीत कूट. शाळेच्या डब्यासाठी वेगळा डबा, वेगळा चमचा ठेवा. तीळही तिथे ॲलर्जीच्या यादीत आहे, म्हणून तिळाची चटणी पर्याय म्हणून देताना विचारा. आम्ही जवसाच्या आणि लसूण-खोबऱ्याच्या चटणीवर आलो, शाळेला विचारूनच. सकाळी घरी शेंगाचटणी खाल्ली असेल तर हात-तोंड धुऊनच बाहेर.

नवी भाषा कानावर पडायला लागली की काही मुलं महिनोन्महिने वर्गात बोलतच नाहीत. आमची पहिले सात आठवडे एक शब्द बोलली नाही, आणि घरी आली की नळ सोडल्यासारखं मराठी. याला घाबरू नका आणि "इंग्लिशमध्ये बोल बघू" म्हणून मागे लागू नका. ती ऐकून साठवत असतात. मी काय केलं, तर बाईंना एका कागदावर दहा मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहून दिले: शू, शी, पाणी, दुखतंय, भूक, आई कधी येणार. बाईंनी तो कागद टेबलावर चिकटवला. पहिल्यांदा "पाणी?" असं त्यांनी विचारलं तेव्हा लेक हसली म्हणे, शाळेत पहिल्यांदा.

वाचन तिथे ध्वनींवरून शिकवतात. बहुतेक शाळांत स, ॲ, ट, प, इ, न हे ध्वनी पहिले येतात. ज्या लेकराला आपली मुळाक्षरं येतात, त्याला अक्षर आणि आवाज यांचं नातं आधीच कळलेलं असतं. म्हणून जाण्याआधी इंग्रजीची शिकवणी लावण्यापेक्षा मराठी मुळाक्षरं पक्की करा.

हजेरी कडक असते. शाळा चालू असताना सोलापूरला लग्नासाठी दहा दिवस आलात, तर प्रत्येक पालकाला प्रत्येक मुलामागे ८० पौंड दंड होऊ शकतो, तीन आठवड्यांत भरला नाही तर १६०. चुलत दिराच्या लग्नाला आम्ही आलो नाही. घरच्यांना जाण्याआधीच सांगून ठेवा.

तुमचा अभ्यास कुठे बसवायचा

शाळा पावणेनऊच्या आसपास भरते आणि सव्वातीनला सुटते. दर सहा-सात आठवड्यांनी आठवडा-दोन आठवडे सुट्टी, उन्हाळ्यात सहा आठवडे. शाळेनंतरचे पाळणावर्ग असतात, पैसे लागतात, आणि जागा लवकर भरतात. आमचं गणित असं बसलं: नवऱ्याला गोदामात पहाटे सहा ते दोनचं काम मिळालं, अवलंबित जोडीदाराला तिथे पूर्णवेळ काम करता येतं. सकाळी सोडायची मी, आणायचा तो. शाळा मुलाला फक्त नाव नोंदवलेल्या माणसाकडेच देते, तेव्हा एखाद्या भरवशाच्या शेजारणीचं नाव तिसरं म्हणून घालाच.

मार्गदर्शकांना पहिल्याच भेटीत सांगा की पाचनंतर तुम्ही नाही. मला हे सांगायला दोन महिने लागले. सांगितल्यावर त्यांनी बैठक सकाळी दहाला घेतली, एवढंच.

तुम्ही स्वतः काम करणार असाल तर आठवड्याला २० तासांची मर्यादा पाळा. पीएचडीवाल्यांना पदवीच्या मुलांची उन्हाळी सुट्टी लागू नसते. ही मर्यादा मंजूर रजा सोडून वर्षभर चालते. इथे बरेच जण चुकतात.

थंडीत चारलाच काळोख पडतो. सोलापूरच्या उन्हातून गेलेल्या माणसाला हे बाधतं, शरीराला आणि मनालाही. ऑक्टोबर ते मार्च रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घ्या असा तिथल्या आरोग्यसेवेचा सल्ला आहे. एक ते चार वर्षांच्या मुलांना वर्षभर. आणि पाऊस असला तरी लेकराला रोज बागेत न्या.

मराठी, आणि परतीची तयारी

परत यायचं ठरलेलं असेल तर मराठी सोडून चालणार नाही, आणि हे मी भावनेपोटी म्हणत नाही. महाराष्ट्रात २०२०च्या कायद्याने सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे. इंग्रजी माध्यमात घातलं तरी ती लागणारच. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावरून मोफत उतरवता येतात. रविवारी सकाळी अर्धा तास, बस्स.

आज्जीचा फोन ठरलेल्या वेळी. घड्याळातला फरक उन्हाळ्यात साडेचार तास, हिवाळ्यात साडेपाच. गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेत, आज्जीने नंदीध्वजांची, त्या उंच सजवलेल्या काठ्यांची, मिरवणूक गर्दीत उभं राहून फोनवर दाखवली, आणि पुढचे चार दिवस लेक उभी काठी घेऊन घरभर फिरत होती. मराठी मंडळं शोधा. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, इतर शहरांतही मंडळी जमतात.

परतताना तारखांचा घोळ होतो. इंग्लंडची शाळा जुलैअखेर संपते आणि आपली जूनच्या मध्यात भरते. आमचे बाबा-लेक जूनमध्ये पुढे आले, मी प्रबंध पुरा करायला सप्टेंबरपर्यंत मागे राहिले. ते तीन महिने जड गेले, पण तिला तिसरीचा वर्ग पहिल्या दिवसापासून मिळाला. शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत वयानुसार वर्गात प्रवेश मिळतो, तरी शाळेकडून हजेरी आणि प्रगतीचं पत्र शिक्क्यासह घ्या, जीपीकडून लसींची छापील नोंद घ्या, आणि घर सोडताना प्रत्येक खोलीचे फोटो काढून अनामत परत मागा. आमची सोळा दिवसांत आली. बाईंनी चिकटवलेला तो दहा शब्दांचा कागदही लेकीने मागून आणला. आता तिच्या मराठीच्या वहीत आहे.